उशाजवळचं वर्तुळ

"माह्या पोराचा डोळा गेला, साहेब. सुनेचंच काम आहे. तुमी फक्त सिद्ध करून द्या."

भीमाबाई रडत नव्हत्या. स्टील प्लांटच्या सुरक्षा विभागातून निवृत्त होऊन खासगी तपास करणारे मारोतराव उठले. मागोमाग त्यांचा मित्र चंपतही.

सेक्टर ६ मधल्या क्वार्टरच्या दाराशी सुनेची, प्रेरणाची, घर सोडून जायची बॅग भरून ठेवली होती.

चार महिन्यांपूर्वी तिने नवऱ्याला, नागसेनला, आपली किडनी दिली. ती टिकावी म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती घटली. नाकाशेजारच्या पोकळ्यांत बुरशी शिरली. परवा डोळा काढावा लागला.

"किडनी दिल्याचा पस्तावा होऊन राहिला तिले. गोळ्यांत कायतरी मिसळलं," भीमाबाई म्हणाल्या.

प्रेरणाने गोळ्यांची पाकिटं पुढे केली. सगळ्या सीलबंद चंदेरी पन्नीत; नागसेन स्वतःच फोडून घ्यायचा.

"मी नऊला ड्यूटीवर जाते, सहाला येते. दिवसभर आईच असतात." भिंतीवर तिच्या अक्षरात यादी होती : कूलर नाही. धूळ नाही. माती नाही.

नागसेनच्या रिकाम्या खाटेच्या उशाजवळच्या स्टुलावर पांढुरकं वर्तुळ होतं.

"लोट्याचं असंल," चंपत म्हणाला.

"एवढा मोठा लोटा?"

मागच्या अंगणात मे महिन्याने मोगरा, झेंडू करपवले होते. एका कुंडीतलं पिंपळाचं रोप मात्र कोवळं, हिरवंगार.

"हे बरं टिकलं!" चंपत म्हणाला.

"विहारातल्या बोधिवृक्षाचं आहे. मीच लावलं," भीमाबाई पहिल्यांदाच मऊ आवाजात बोलल्या.

मारोतरावांनी ती कुंडी उचलून स्टुलावर ठेवली. वर्तुळात नेमकी बसली.

"पन्नी फोडल्याशिवाय मिसळणार कसं, भीमाबाई? अंगणातलं सगळं करपलं, हे नाही. म्हणजे हे दिवसा सावलीत होतं, इथं. सून घरी नसताना. ओल्या मातीत बुरशी असते. तुमाले-मले काही होत नाही. त्याले झालं. डॉक्टरांकडून माती तपासून घ्या, माझं चुकतही असेल."

भीमाबाईंनी कुंडीच्या काठावर हात ठेवला.

"उशाशी असलं की त्याले झोप लागे," भीमाबाई म्हणाल्या. "यादीतली माती म्हणजे रस्त्यावरची, असं वाटलं मले. ही तर बोधिवृक्षाची. हिले पटलं नसतं म्हणून मी संध्याकाळी बाहेर ठेवत होती."

प्रेरणाने कुंडी अंगणात नेली. परत येऊन दाराशी थांबली. बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवली.

"आई, हात धुवा. साबणानं. नखंपण. दवाखान्यात चारला भेटू देतात."