तिसऱ्या धबधब्याचा आवाज

"बाबा घसरून पडले नाहीत. त्यांना कुणीतरी ढकललंय!" शिक्षिका दारातूनच कडाडली.

सासूबाईंनी खुर्ची पुढे केली. कोर्टात तीस वर्षं लघुलेखन करून निवृत्त झाल्यावर त्या खासगी तपास करू लागल्या होत्या. सोबतीला त्यांचा जावई. तो दातांचा डॉक्टर. गाडी झकास चालवायचा, डोकं जरा सावकाश चालायचं.

शिक्षिकेचे वडील निवृत्त सर्वेक्षक. नदीकाठच्या आपल्या गावाचा इतिहास लिहीत होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुरात एकतीस माणसं वाहून गेली, त्यात त्यांचा धाकटा भाऊही होता. ढगफुटी झाली, असं छापील पुस्तक सांगतं. ते पटेना, म्हणून म्हातारा एकेक धबधबा पालथा घालत होता. बुधवारी गेला तो परतलाच नाही. गुरुवारी तिसऱ्या धबधब्याच्या कोरड्या कुंडात प्रेत सापडलं.

तिने वडिलांच्या वस्तू टेबलावर मांडल्या. चालताना घालायचा चष्मा डबीत, खिशात होता. वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात, काचा फुटलेल्या.

घरी राहिलेल्या वहीत शेवटची नोंद होती : ‘धरणाच्या वरच्या दोन्ही धबधब्यांवर पुराची रेघ नाही. खालच्या तिसऱ्यावर दोन पुरुष उंच आहे.’

"म्हणजे?" जावयाने विचारलं.

"आभाळ फाटलं असतं तर रेघ वरही दिसली असती, जावईबापू. पाणी धरणातून आलं."

म्हाताऱ्याला वर नेणारा वाटाड्या एरवी कालव्यावर मजुरी करायचा. तो नजर चुकवत होता. सासूबाईंनी दरडावलं तेव्हा बोलला.

"बुधवारी सकाळी वरचा कालवा फुटला. दोन वर्षं सुकलेला तिसरा धबधबा धो-धो कोसळायला लागला. मी बांध घालायला धावलो. साहेबच म्हणाले, जा, गावातून एक जण कागद घेऊन येतोय. दिवस मावळायच्या आत फूट बुजवली. नोकरी जाईल म्हणून मुकादमाने आम्हा चौघांची तोंडं बंद केली. अजून कुणाला पत्ता नाही."

धरणाचे जुने अभियंता अंथरुणाला खिळले होते. प्रश्न ऐकताच ते उसळले.

"हो, दरवाजे मीच उघडले! नाहीतर धरणच फुटलं असतं. पण त्याआधी भोंगा केंद्राला तीनदा फोन केला. दर वेळी एकच पोरगा म्हणाला, वाजवतो. भोंगा वाजलाच नाही. त्याचं नाव नोंदवहीत लिहिलं होतं मी. ती संग्रहालयात आहे."

संग्रहालयाचे प्रमुख, म्हणजे त्या छापील इतिहासाचे लेखक, हळहळले.

"ती वही वाळवीने कधीच खाल्ली. आणि ढगफुटीच झाली हो, मी स्वतः भोंग्याच्या मनोऱ्यावरून पाहिली. नोकरीलाच होतो तिथे."

"इतक्यात धबधब्यावर गेला होतात?"

"तीन वर्षांत नाही. बिचाऱ्याने हाका मारल्याही असतील, पण त्या धबाधबा पाण्यात कोण ऐकणार!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आणि जावई शिक्षिकेला व फौजदारांना घेऊन संग्रहालयात परतले.

"दरीच्या काठावर वाचायचा चष्मा कोण लावतं? ज्याच्या हातात कुणी कागद ठेवलाय तो. पण तिथे एकही कागद सापडला नाही. आणणाऱ्यानेच तो परत नेला."

"माझा काय संबंध?" प्रमुख गुरगुरले.

"तो धबधबा दोन वर्षं कोरडा आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक. पाणी होतं ते फक्त बुधवारी. ते मजुरांना ठाऊक, आणि तिथे हजर असलेल्याला. मजूर दिवसभर एकत्र होते. तुम्ही तीन वर्षांत गेला नाहीत म्हणता, मग धबाधबा पाणी कुठे ऐकलंत? भोंग्यावर तुम्ही होतात. ते नाव वाचल्यावर म्हातारा गप्प बसणार नव्हता."

जावयाने कपाट उघडलं. नोंदवही खालच्या कप्प्यात होती; वाळवीचं भोकसुद्धा नाही. पानं मात्र धबधब्याच्या तुषारांनी फुगलेली.

"तेव्हा भोंगा वाजला नाही, आता हीसुद्धा जाळवली नाही तुमच्याच्याने," सासूबाई तिरस्काराने म्हणाल्या.

प्रमुख खुर्चीत कोसळले. "एकोणीस वर्षांचा होतो मी. फोन ठेवला की परत झोप लागायची..."

शिक्षिका त्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"तेव्हा झोप लागली," ती म्हणाली. "बुधवारी तर जागा होतास ना?"