नोएमीच्या शेळीने चाटलेला पंख

पाचही विमानं शनिवारी उडाली, तर तळावर विमानांची डागडुजी पाहणाऱ्या सार्जंट बुर्दिशोंच्या पदरात दहा दिवसांची रजा पडणार होती. दहा दिवस! बायकोच्या हातचा सशाचा रस्सा, गादीवरची झोप आणि कानावर एकही तोफ नाही. युद्धाच्या चौथ्या उन्हाळ्यात एवढ्यासाठी माणूस बरंच काही करतो.

शनिवार उजाडला तो मार्न नदीवरचं विरळ, ओलं धुकं घेऊनच. सात वाजता रूवियेर आणि मेनार लांबपंखी विमानातून टेहळणीला गेले. दहाला आखूडपंखी निघणार होतं, आणि त्यात वैमानिकासोबत ओदीलचा भाऊ आन्सेल्म बसणार होता. तो इथे होता म्हणूनच तेरा वर्षांची ओदील सुट्टीत सेलेस्तीन मावशीकडे आली होती. मावशी गावची धोबीण. तिची मुलं गास्पार आणि नोएमी.

तिघं विमानतळाच्या कुंपणाशी उभी होती.

“खालचा पंख वरच्याच्या पुढे! विमानाने सदरा उलटा घातलाय!” गास्पार म्हणाला.

“लांबपंखीचंही तसंच असतं, शहाण्या,” नोएमी म्हणाली आणि एकदम किंचाळली, “अगं ओदीलताई, बघ! मार्कीज पंख चाटतेय!”

मार्कीज म्हणजे नोएमीची शेळी. ओदीलला हसू आलं नाही. पंखांचं कापड ताणलेलं राहावं म्हणून त्याला जे रोगण लावत, त्याचा वास इतका उग्र की मार्कीज एरवी दहा पावलांवरूनच शिंकायची. ओदील कुंपणाखालून सरपटत गेली. तिने बोट ओलं करून पंखावर घासलं आणि जिभेला लावलं.

“खळ आहे! मावशीची, तांदळाची!”

“आईकडून सार्जंटने दोन हंडे नेले,” गास्पार म्हणाला. “अधिकाऱ्यांच्या टेबलांवरच्या चादरींना हवी म्हणे.”

“अधिकारी तर पेट्यांवर जेवतात! चादरी कुठल्या?”

नोएमीने नदीवरच्या धुक्याकडे पाहिलं. धुक्यात वाळत घातलेल्या खळीच्या टोप्या कशा माना टाकतात, हे धोबिणीच्या मुलीला कोणी सांगायला नको.

“ए पोरांनो! चालते व्हा!” बुर्दिशों धावत आला.

आन्सेल्म कातडी टोपी बांधत होता. सांगत बसायला वेळ कुठे होता! ओदीलने गास्पारच्या कानात काहीतरी सांगितलं. गास्पारने शेळीला सार्जंटच्या तंबूकडे पिटाळलं आणि ओरडला, “सार्जंटसाहेब, तुमची रजेची बॅग खातेय ती!”

बुर्दिशों तिकडे पळाला. ओदीलने घोड्यांची बादली उचलली आणि सगळं पाणी पंखावर ओतलं.

“ओदील! वेड लागलंय का?” आन्सेल्म ओरडला.

“दादा, बोलू नकोस. नुसतं बघ!”

ढोलासारखं ताठ कापड हळूहळू सैल पडलं, पोटासारखं लोंबलं. कॅप्टन दुर्वाल पुढे आले. त्यांनी त्यात मूठ दाबली. ती मनगटापर्यंत आत गेली. सार्जंट परत आला, तो पांढराफटक.

“रोगणाची गाडीच आली नाही, साहेब. खळ उन्हात चांगली ताणते...”

“आणि धुक्यात?”

बुर्दिशोंने मान खाली घातली.

“आणखी कोणत्या विमानाला लावलीत?”

सार्जंटने मान वर केली आणि नदीकडे पाहिलं. तेव्हा सगळ्यांनीच तिकडे पाहिलं. रूवियेर नऊला परतायचा होता. दहा वाजून गेले होते.

बारापर्यंत कोणी जेवलं नाही. धुकं विरलं, आभाळ निळं झालं, ते रिकामंच.

दुपारी कॅप्टननी आपली टोपी काढून तिन्ही मुलांना सलाम केला. “तुम्ही आज दोन माणसं वाचवलीत,” ते म्हणाले. आन्सेल्म बहिणीचा हात धरून बसला. नोएमीने बक्षिसाचं चॉकलेट तसंच खिशात ठेवलं.

बुर्दिशोंची रजा गेली, हुद्द्याच्या पट्ट्या गेल्या, त्याला आघाडीवर धाडलं. मावशीने मात्र स्वतःलाही सोडलं नाही. “दोन हंडे कशाला, एवढं विचारलं असतं मी,” ती पुन्हा पुन्हा म्हणे.

पण खरी किंमत मोजली ती यांपैकी कोणीच नाही. धुलाईघराच्या फळीवर दोन कॉलर राहिल्या, पांढऱ्याशुभ्र, कडक खळ केलेल्या, रूवियेर आणि मेनार अशा चिठ्ठ्या टाचलेल्या. त्या न्यायला कोणी आलं नाही.