सपाट खिडकीचं भांडं

"दार... दार लावा आधी!"

मी इतक्या जोरात ओरडले, की दारातला माणूस दचकून मागे सरला आणि त्याने दार लावून घेतलं. बाहेरून. मग तिकडूनच अदबीने विचारता झाला, "मी आत असायला हवं होतं का?"

अंधाऱ्या खोलीत मी एकटीच हसले. "या. पण पटकन."

तो आमच्या संस्थेच्या तळघरात ज्योतीवर काच फुंकून उपकरणं बनवायचा. सगळे त्याला काचवालाच म्हणत. शेजारच्या प्रयोगशाळेतली तडकलेली नळी न्यायला आला होता, आणि दार चुकला होता.

"अंधारात काय करता?"

"काचेवर तांब्याच्या ऑक्साइडचा थर चढवते. या निळ्या द्रावणात पट्टी बुडवायची, वीज सोडायची आणि बाजूने दिव्याचा झोत टाकायचा. बाहेरचा उजेड नको, म्हणून अंधार. नुसत्या विजेनेही थर चढतो, पण उजेड सोबत असला की जास्त चांगला."

"म्हणजे जोडीने काम."

"हो... जोडीने," म्हणत मी उगाचच थर्मामीटर बघितला.

अर्ध्या तासाने पट्टी बाहेर काढली. नेहमीसारखीच! मध्ये गडद लाल पट्टा, कडा फिक्कट. तो अजून गेला नव्हता, आणि मला कुणाशी तरी बोलायचंच होतं. दोन वर्षं हेच चाललंय, उजेडाची कल्पना माझी, महिनाअखेरपर्यंत थर एकसारखा आला नाही तर मार्गदर्शक सर हे काम बंद करणार... एका अनोळखी माणसासमोर मी सगळं ओकून टाकलं.

त्याने एक कोरा कागद घेतला आणि दिव्याच्या झोतातल्या चंचुपात्राच्या मागे धरला. कागदाच्या मधोमध लख्ख उभी रेघ उमटली.

"भांडं गोल आहे," तो हळूच म्हणाला. "आत पाणी. सगळा उजेड मध्ये गोळा होतोय. तुमच्या तांब्याचा काही दोष नाही हो."

मी क्षार बदलले होते, दिवे बदलले होते, तारासुद्धा बदलल्या होत्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"सपाट खिडकीचं भांडं करून देतो," तो म्हणाला. "उजेड सरळ आत जाईल."

सोपं नव्हतं ते. पहिलं भांडं निवताना कोपऱ्यात तडकलं. दुसरं माझ्या डोळ्यांदेखत. रोज दुपारी मी चहाचे दोन कप घेऊन तळघरात उतरू लागले. ज्योतीच्या उजेडात त्याचं कपाळ चमकायचं, आणि मी भांड्याकडे बघायचं विसरायचे.

"फार गरम आहे," एकदा मी कप ओठांपासून दूर केला.

"द्या इकडे. फुंकायचा धंदाच आहे माझा."

आणि त्याने खरंच फुंकून दिला... माझ्याकडे न बघता. कान मात्र लाल झाले होते, आणि ते काही ज्योतीमुळे नव्हे.

तिसरं भांडं टिकलं. दुसऱ्याच सकाळी मी पट्टी बाहेर काढली, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत नव्या कौलासारखा एकसारखा तांबूस थर! सरांना सांगायच्या आधी मी धावत तळघर गाठलं.

"काय झालं? गळतंय का?" तो घाबरून उठला.

"नाही हो. दाखवायला आले. तुमच्यामुळे झालं हे."

तो कितीतरी वेळ पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भांडं फुटलं की लोक येतात. नीट चाललं की कोणी येत नाही. बाबांनी चाळीस वर्षं हेच काम केलं... त्यांनाही कधी कोणी दाखवलं नाही."

"मग त्यांना दाखवूया. आजच."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. बाबा खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. मी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सराईतपणे कडांना धरली, उजेडात उचलली आणि पुटपुटले, "छान बसलाय थर. कुठे डाग नाही."

"तुमच्या मुलाचे उपकार आहेत, बाबा," मी म्हणाले. "आणि त्याला शिकवणाऱ्याचे."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी मुलाकडे मोर्चा वळवला. "ही कोण म्हणालास?"

"या... तांब्यावर काम करतात."

"ते कळलं रे. तुझी कोण?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "अजून... विचारलं नाही, बाबा."

"मग विचार की! मी कान झाकून बसू का?"

त्याने तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. बिचारा!

"हो," मी म्हणाले.

"अगं, पण मी अजून विचारलं कुठे?"

पहिल्यांदाच तो मला 'अगं' म्हणाला होता. मी पुन्हा म्हणाले, "हो."