भिंतीपलीकडचं बटण

"मला आवाज न करणारा कॉम्प्युटर हवाय," ब्रेन्ना टोबिन म्हणाली, आणि काउंटरमागच्या डल्सीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"आवाज न करणारा नवरा माग बाई, तो मिळेल एखादा... कॉम्प्युटर कठीण आहे!"

बाहेर आडवा पाऊस लागला होता. बेटावरच्या या सेंट जॉन्स बंदरात पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो, त्यामुळे इथे छत्री घेणारा माणूस पाहुणा समजावा. ब्रेन्नाच्या कानांमागून पाणी ओघळत होतं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. दुकानात मांडलेल्या एकेका मशीनला ती कान लावत होती... डोळे मिटून, श्वास रोखून. तिसऱ्या मशीनपाशी तिने नाक मुरडलं.

"याचा पंखा आजारी आहे."

"कुठला? वरचा की खालचा?" मागून कुणीतरी विचारलं.

"खालचा. वरचा नुसता बडबड्या आहे. खालचा मात्र दर फेरीला कण्हतो."

विचारणारा पुढे आला. उंच, लालसर दाढीचा, खांद्यावर केबलचं भेंडोळं. त्याने डल्सीला मशीन बंद करायला लावलं, खालचा पंखा बोटाने हलकेच फिरवला आणि चकित होऊन ब्रेन्नाकडे पाहिलं.

"खरंच की! बेअरिंग गेलंय. पण हे मला हात लावल्यावर कळलं... तुला नुसतं ऐकून?"

"कानच तसे आहेत. घरातले वैतागतात."

"मी नसतो वैतागलो," तो म्हणाला. आणि मग आपण भलतंच बोललो असं वाटून केबलचं भेंडोळं उगाचच दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

तो निघून गेल्यावर थोड्या वेळाने ब्रेन्नाही काही न घेता बाहेर पडली. चढाच्या रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं, की लाल दाढी पुढे चालली आहे. ती वळली तिथे तोही वळला होता. दुसऱ्या वळणावर तो थांबला.

"माझा पाठलाग चाललाय का?"

"माझ्याच रस्त्याने तू चालला आहेस! पुढे राहून पाठलाग करण्याची ही नवीन पद्धत दिसतेय."

"मी घरी चाललोय."

"मीसुद्धा!"

तो निळ्या घराच्या पायऱ्या चढला. ती त्याला चिकटून असलेल्या पिवळ्या घराच्या. दोघांनी आपापल्या दारात किल्ली घातली... आणि एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात निळ्या घरात कुणीतरी राहायला आलंय, असं घरमालकीण विनीमावशी म्हणाल्या होत्या खऱ्या. त्याला लाल दाढी आहे आणि तो हसला की डोळ्यांच्या कडांना चुण्या पडतात, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

"गॅरेट पाइक," तो म्हणाला. "आवाज न करणारा कॉम्प्युटर कशाला हवाय, ते तरी सांग."

तिने सांगितलं. पावसात, आपापल्या पायरीवर उभं राहून.

उन्हाळाभर ती देवमासे दाखवणाऱ्या बोटीवर माइकवरून बोलायची. लोक देवमासा विसरायचे, पण तिचा आवाज लक्षात ठेवायचे. आता मोसम संपला होता. टोरांटोची एक कंपनी बोलकी पुस्तकं काढायची. तिने वाचनाचा नमुना पाठवला. उत्तर आलं, आवाज सुंदर, पण मागे घरघर आहे. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा घरघर. आता एकच संधी उरली होती. ती हुकली तर भावाकडे अल्बर्टाला जायचं, तेलकंपनीच्या कचेरीत फोन उचलायचे. या बेटावरची निम्मी माणसं अशीच जातात आणि मग फक्त सुट्टीला येतात.

"आणि तुला जायचं नाहीये," गॅरेट म्हणाला.

"समुद्राशिवाय मला झोप येत नाही."

"तो एवढा आवाज करतो, तो चालतो वाटतं?"

"तो सुरात असतो," ब्रेन्ना म्हणाली, आणि गॅरेट असा मनापासून हसला, की ती भिजलेली असूनही आणखी थोडा वेळ पायरीवर उभी राहिली.

गॅरेट बंदरावर मासेमारी जहाजांची रडारं आणि बिनतारी यंत्रं दुरुस्त करायचा. शनिवारी तो तिच्या स्वयंपाकघरात आला आणि खरेदीचं नावही न काढता त्याने तिला नुसतं बोलतं केलं. कॉम्प्युटरवर गेम खेळणार का? नाही. व्हिडिओ कापून जोडणार? नाही. मग काय करणार? वाचणार.

"मग चित्रांचं ते महागडं कार्ड नकोच. नाकापेक्षा मोती जड! प्रोसेसर साधा, कमी तापणारा. कमी तापला की पंख्याला कमी पळावं लागतं. पंखा मोठा, म्हणजे सावकाश फिरेल. फिरणारी डिस्क नको, चिपवाली घेऊ, तिच्यात हलणारं काही नसतंच. पेटी जाड पत्र्याची. आणि आत लिनक्स घालू. फुकट आहे आणि तुझं वाचन चालू असताना मध्येच उठून स्वतःची कामं काढणार नाही, एवढं मी बघतो."

ब्रेन्ना ऐकत राहिली. माणसं कामाबद्दल बोलताना किती सुंदर दिसतात, हे तिला बोटीवरच्या खलाशांमुळे माहीत होतं. पण हा जरा जास्तच सुंदर दिसत होता.

मागवलेले सुटे भाग आले त्या दुपारी तिने कढईत पिठाच्या टिक्क्या तळल्या. गॅरेटने काकवीत बुडवून चार खाल्ल्या, मग हात साबणाने दोनदा धुतले, पुसले, आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या पत्र्याला बोट टेकवून मगच प्रोसेसर उचलला. जहाजाच्या गंजलेल्या नटांशी झटणारे ते जाड हात... आणि टाचणीच्या टोकाएवढ्या सोनेरी ठिपक्यांना धक्का लागू नये म्हणून तो श्वासही जपून सोडत होता. केबल त्याने अशा वळवल्या, की पेटी बंद झाल्यावर त्या कुणालाही दिसणार नव्हत्या.

"कोण बघणार आहे आत?" तिने विचारलं.

"मी बघितलंय ना."

मशीन सुरू झालं. गॅरेटने आशेने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले.

"येतोय का आवाज?"

"...येतोय."

त्याने पंख्याचा वेग कमी केला. पेटीखाली जाड लोकरी कापडाचे तुकडे घातले. एक पंखा काढूनच टाकला. दरवेळी ती कान टवकारायची आणि दरवेळी ओशाळून मान हलवायची.

"राहू दे गॅरेट. मीच कटकटी आहे."

"कटकटी? अगं, माझ्या कामावर कुणी बघत नाही, की केबल सरळ आहे की वाकडी. चाललं की झालं! तू पहिली आहेस, जिला फरक कळतो. तुझ्यासाठी आणखी दहा पंखे बदलीन."

ब्रेन्नाने गॅसकडे तोंड फिरवलं. टिक्क्या केव्हाच तळून झाल्या होत्या, तरी.

पण पंखे बदलून भागणारं नव्हतं. घरात शांत जागा एकच, जिन्याखालचं कोटांचं कपाट. कोट आवाज शोषून घेत होते, पण त्या चिमुकल्या जागेत माइकशेजारी मशीन ठेवलं की सुईएवढा आवाजही ढोलासारखा व्हायचा. बाहेर ठेवावं तर दाराची फट. गॅरेट कपाटात मांडी घालून बसला, भिंतीवर बोटांनी टकटक करत राहिला आणि अचानक ओरडला,

"माझ्या घरी!"

"काय तुझ्या घरी?"

"ही घरं आरशातल्यासारखी आहेत. या फळ्यांच्या पलीकडे माझं जिन्याखालचं कपाट! मशीन माझ्याकडे ठेवू. एवढंसं भोक पाडून केबल इकडे. पडदा, कळफलक, माइक तुझ्याकडे. गरम होणारं, घुरघुरणारं सगळं धूड माझ्याकडे. इंटरनेटही माझंच वापर. वायफाय दोन घरांमधल्या विटांच्या धुराड्याशी धडकून मरतं, तेव्हा तीही केबल त्याच भोकातून नेऊ."

परवानगीला विनीमावशी आल्या. वय सत्तरीचं, पायात रबरी बूट. त्यांनी दोन्ही कपाटं पाहिली आणि मग दोन्ही चेहरे पाहिले.

"भिंतीला कान असतात म्हणतात. तुम्ही तर तिला तोंडही फोडायला निघालात! पाडा बाबांनो... पण मला खरं सांगा, तुम्हाला दार दिसत नाही का?"

"मावशी, हे रेकॉर्डिंगसाठी आहे," ब्रेन्ना म्हणाली.

"हो तर! आणि मी चर्चला केक खायला जाते."

ड्रिलचं टोक इकडे निघालं, भुसा उडाला, मग टोक मागे गेलं आणि भोकातून गॅरेटचं बोट आलं. ते इकडेतिकडे हललं. ब्रेन्नाने ते पकडलं. गंमत म्हणून पकडलं... आणि गंमत संपली तरी सोडलं नाही. पलीकडूनही कुणी बोट मागे घेण्याची घाई केली नाही.

"केबल देऊ ना?" बऱ्याच वेळाने भिंत म्हणाली.

"दे की. मी कुठे अडवलंय?"

केबलभोवतीच्या फटीत तिने आपला जुना लोकरी हातमोजा कोंबला. कपाटाचं दार लावलं, डोळे मिटले. काही नाही. खरोखर काहीच नाही... फक्त तिचा स्वतःचा श्वास. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाने माणसाला कितीतरी गोष्टी दिलेल्या तिने पाहिल्या होत्या, शांतता दिलेली नव्हती.

तेव्हापासून सकाळचा एक परिपाठ पडला. मशीन गॅरेटकडे, म्हणजे त्याचं बटणही गॅरेटकडे. "समुद्राची हवा आहे, रात्री मशीन बंदच करायला हवं," असं त्याने गंभीरपणे बजावलं होतं. मग रोज सकाळी, तो बंदरावर जाण्याआधी, ब्रेन्ना निळं दार ठोठावायची. तो चहाचा मग आणि डब्याच्या दुधाचं भांडं घेऊन उभाच असायचा. ती जिन्याखाली वाकून बटण दाबायची. गॅरेटने निवडलेलं मशीन चुटकीसरशी सुरू होत होतं. पण चहा संपल्याशिवाय ते सुरू झालं असं दोघांपैकी कुणालाच वाटायचं नाही.

"आज धुकं आहे," तो म्हणायचा. "बंदराचा भोंगा वाजत राहील. दुपारपर्यंत तुला रेकॉर्डिंग जमणार नाही."

"मग?"

"मग... आणखी चहा?"

नमुना पाठवून झाला. आता वाट पाहणं उरलं. नमुना गेला तरी सराव हवाच, असं म्हणून ती रोज येतच राहिली. भावाने फोनवर विचारलं, तिकीट काढू का? कचेरीतली जागा भरून जाईल. शुक्रवारपर्यंत थांब, तोवर टोरांटोहून उत्तर येईल, ती म्हणाली. त्या शुक्रवारची तिला इतकी धास्ती बसली, की गुरुवारी ती चहाचा मग हातात नुसता फिरवत राहिली. पावसाची सर खिडकीवर फटके मारत होती.

"तू गेलीस तर भोक बुजवावं लागेल," तो शेवटी म्हणाला.

"हं."

"बुजवता येईल. फळी लावली की कळणारही नाही."

"तुला जमेल ते," ती म्हणाली आणि चहा अर्धा टाकून उठली. इतका हुशार माणूस इतका मठ्ठ कसा असू शकतो, हे तिला समजेना.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. ब्रेन्नाने फोनवर ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं पुसट झाली. ती मोज्यांवरच पावसात धावली आणि निळं दार दोन्ही हातांनी बडवलं.

"घेतलं! गॅरेट, घेतलं मला! पूर्ण पुस्तक दिलंय... आणि पुढचंही देणार म्हणतायत! घरघर नाही म्हणाले. असा स्वच्छ आवाज कुठल्या स्टुडिओत घेतलास, असं विचारलंय!"

गॅरेटने तिला उचललंच. तिचे ओले मोजे त्याच्या पायजम्याला पुसले गेले. मग त्याने तिला खाली ठेवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ब्रेन्ना, तुला एक सांगायला हवं. आधीच सांगायला हवं होतं."

"काय?"

"आता तुला रोज काम असणार. तासन् तास. रोज इथे येण्याची... गरज नाहीये. नेटवर्कवरून मशीन जागं करता येतं. तुझ्या फोनवरून, तुझ्या अंथरुणातून. एक सेटिंग असतं, एवढंच. मी ते मुद्दाम बंद ठेवलं." त्याने दाढी खाजवली. "आणि ते समुद्राच्या हवेचं... तेही खोटं होतं. मशीन तसं रात्रभर चालू ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी फसवलं तुला. आत्ता लावून देतो."

तो जिन्याखाली वाकला. सेटिंगच्या पानासाठी जुना छोटा पडदा जोडू लागला. कधी न चुकणारे ते हात आज केबल उलटी धरत होते. ब्रेन्ना त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि तिने ती केबल त्याच्या हातातून काढून घेतली.

"दुसऱ्याच आठवड्यात बघितलं मी ते सेटिंग."

"काय?"

"काहीतरी भलतंच बटण दाबलं गेलं, आणि ते पान उघडलं. खाली लिहिलेलंच होतं काय ते. मी वाचणारी बाई आहे, गॅरेट. समोर आलेलं वाचते."

"मग तू चालू का नाही केलंस?"

"रोज सकाळी लिपस्टिक लावून कुणी कॉम्प्युटरचं बटण दाबायला जातं का रे?"

गॅरेटने तिच्याकडे पाहिलं. आज लिपस्टिक नव्हती. केस विस्कटलेले, नाकावर पावसाचा थेंब. आणि त्याला ती इतकी आवडली, की जिन्याखाली आहोत हे विसरून तो ताठ बसायला गेला आणि डोकं दाणकन फळीवर आपटलं.

"लागलं?"

"नाही... हो. ब्रेन्ना, काल मी फळी लावतो म्हणालो ना, ते मला मुळीच जमलं नसतं. मला तू आवडतेस. तू दुकानात त्या पंख्याला आजारी म्हणालीस, तेव्हापासून."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आपटलं होतं तिथे... आणि मग त्याच्या ओठांवर ओठ. डब्याचं दूध, चहा आणि पाऊस, सगळ्याची मिळून एक चव होती.

बऱ्याच वेळाने गॅरेट म्हणाला, "मग त्या सेटिंगचं काय करायचं?"

"बंदच राहू दे," ब्रेन्ना म्हणाली. "आणि मला फोन दे तुझा. भावाला सांगायचंय, तिकीट काढू नकोस म्हणून."