गुरम्माची टूथपेस्ट

"अहो, त्यांना दातच नाहीत," मी म्हटलं.

बाळीवेशीजवळच्या आमच्या बोळात, गुरम्माआज्जीच्या उंबऱ्यापुढं तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात टूथपेस्टची ट्यूब. आज्जी कानडीत पुन्हा पुन्हा सांगत होती, "हल्ले इल्ल, हल्ले इल्ल." आणि हा मान डोलावत म्हणत होता, "हो हो आजी, अगदी फुकट."

माझं बोलणं ऐकून तो कानापर्यंत लाल झाला. तरी ट्यूब त्यानं आज्जीच्या हातात ठेवलीच. "असू दे. दिलेली वस्तू परत घेत नाही मी."

मनोहर टिपणीस त्याचं नाव, मुंबईचा. एका विलायती कंपनीनं सत्त्याहत्तर साली त्याला सोलापुरात धाडलं होतं. कोळसा नि मशेरी घासणाऱ्या एवढ्या मोठ्या देशात टूथपेस्ट कशी रुजवायची, ते त्यानं शोधायचं होतं. पण अनोळखी पुरुषाला बायका दार उघडेनात, आणि निम्म्या बोळाला कानडीशिवाय धड काही येईना. म्हणून तो दुभाषी शोधत आमच्या दारी आला. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील नव्हते. आई, चंद्रव्वा, शेंगाचटणी कुटून विकायची, आणि तिची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. मी हो म्हटलं. कामासाठीच... असं तेव्हा मला वाटलं.

"कंपनीचं धोरण साधं आहे, रुद्राणी," माझ्या उजव्या हाताला चालता चालता तो सांगायचा. "आधी सवय लावायची. मग विकायचं."

"आणि सवय लागलीच नाही तर?"

"लागते. वाट बघायची तयारी हवी."

हे सांगताना माझ्याकडेच बघायचा, मेला.

बायका त्याची मनसोक्त टिंगल करायच्या. त्याच्या चालण्याची, त्याच्या केसांची... आमच्या दोघांचीही. मी मराठीत एवढंच सांगायचे, "विचार करू म्हणतात."

"इतकं बोलल्या, आणि फक्त विचार करू?"

"कानडीत लांबतं तसं."

तो हसायचा. डाव्या गालावर खळी पडायची. तिकडं बघायचं नाही, असं मी रोज ठरवायचे.

गुरम्माआज्जीचा एक प्रश्न मात्र मी जसाच्या तसा सांगितला. "आज फुकट देतुयास बाळा. सवय लावून निगून गेलास तर आमी काय करायचं?"

"कंपनी इथं राहायलाच आलीय," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

एकदा अवकाळी सर आली आणि आम्ही एका यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलो. त्या खटखटाटात तो मला काहीतरी सांगायला धडपडत होता. मी मान हलवली — ऐकू येत नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा मान हलवली. शेवटी तो बेंबीच्या देठापासून ओरडला, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. सगळे माग थांबले. "तुम्ही मला फार आवडता" हे अख्ख्या शेडनं ऐकलं. विणकर तेलुगूत बोलून हसत सुटले.

"काय म्हणतायत हे?" त्यानं ओशाळून विचारलं.

"मला तेलुगू येत नाही की."

थोडं येत होतं. 'हो म्हण पोरी' म्हणत होते. बाहेर पडल्यावर, त्याच्याकडं न बघता, मी हो म्हटलं.

दिवाळीनंतर बातमी आली. परदेशी कंपन्यांनी मोठी भागीदारी इथल्या लोकांना द्यावी, असा सरकारचा कायदा होता. त्याच्या साहेबांना तो मान्य नव्हता. त्यांनी गाशा गुंडाळायचं ठरवलं. मनोहरला नैरोबीला जागा दिली. तीच ट्यूब, तेच धोरण.

तो आईकडं मला मागायला आला. आईला मराठी जेमतेम, म्हणून माझं स्थळ मीच तिला कानडीत सांगत होते. जातीवरून ती काय म्हणेल याची मला धास्ती होती, पण तिनं तो विषयच काढला नाही. तिनं एवढंच विचारलं, "तिथूनही कंपनी उठली तर?"

मी त्याला विचारलं. त्याच्या पगारावर मुंबईचं घर चालत होतं, हे मला ठाऊक होतं. तरीही 'मी इथंच राहतो' एवढं तो म्हणेल म्हणून माझा जीव कानांत गोळा झाला होता.

"कंपनी पाठवेल तिथं... जावं लागेल," तो म्हणाला.

मी शब्द न् शब्द आईला सांगितला. तिनं चाचपडत माझा हात शोधला, आधी पाट लागला, मग हात. म्हणाली, "तुझा जीव हाय त्याच्यावर, मला कळतंय. तू जा. मी न्हाय अडवणार. माझं मी बघीन."

"काय म्हणाल्या?" मनोहरनं विचारलं.

माझं त्याच्यावर फार प्रेम होतं. आईचा हात अजून माझ्या हातात होता.

"जेवून जा म्हणते."

"एवढंच? इतकं बोलल्या त्या..."

"कानडीत लांबतं तसं."

या वेळी तो हसला नाही. जेवला, चटणी दोनदा मागून घेतली, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

आठवडाभरात बोळ पुन्हा कोळशावर आला. एका सकाळी गुरम्माआज्जीनं मला उंबऱ्यावरून हाक मारली. देवळीतून ती ट्यूब काढून दाखवली, तशीच, न उघडलेली. "तुज्या त्या पोराला सांग, जपून ठेवलीया म्हणावं. दात आले की घासते." आणि बोळकं उघडून खुदूखुदू हसली.

मलाही हसू आलं. हसता हसता, ती काय म्हणाली ते मराठीत सांगायला मी उजवीकडं वळले... तिथं कुणी नव्हतं.