ओल्या कागदावरची हाक

त्यागासारखी उदात्त गोष्ट या भूतलावर दुसरी नाही. फक्त तो करताना गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवावं लागतं, एवढीच काय ती अडचण. तिचं लक्ष नव्हतं. दूध उतू गेलं, ओट्यावर पसरलं, आणि फडकं हाती घेण्याचंही भान तिला राहिलं नाही... कारण बाहेरच्या खोलीत तिचा नवरा आपल्या बहिणीला सांगत होता, "एकुलत्या एका लेकीचं चित्र होतं गं ते! तेसुद्धा हिने मला पुरं करू दिलं नाही!"

आजवर त्याने तिला पुष्कळ बोल लावले होते. ते तिने चहाबरोबर गिळले होते. पण हा बोल घशातच अडकला.

नवरा जलरंगांचा चित्रकार. मोठा चित्रकार आहे असं लोक म्हणत. आपण त्याहून मोठे आहोत असं त्याचं मत होतं, आणि या दोहोंत जे अंतर उरे त्याचं खापर तो घरावर फोडत असे. हात खरोखर देवाघरचा, पण त्या हाताला थांबणं ठाऊक नव्हतं. जलरंगात निम्मं काम चित्रकाराने करायचं आणि निम्मं पाण्यावर सोडून द्यायचं असतं. याला सोडवत नसे. ओल्या कागदावर रंग आपल्या मनाने कुठे निघाला, की हा हवालदारासारखा त्याच्या मागे! मग आभाळात ढग, ढगात पक्षी, पक्ष्याला चोच... आणि अखेरीस चोचीसकट सगळ्याचा चिखल.

नव्या संसारात तिने असा एक चिखल पाहिला होता, आणि त्याच्यासमोर डोकं धरून बसलेला नवराही. पुढच्या खेपेला दाराच्या फटीतून तिला कागदावर एक नदी दिसली. नुकती उजाडलेली, श्वास घेणारी नदी! त्याच्या हातात बारीक ब्रश होता. तिला तो चिखल आठवला, आणि तोंडातून आपसूक निघालं, "अहो, नळ फुटला!"

तो धावत आला. नळ ठणठणीत होता. तो चिडला, बडबडला, परत गेला, तोवर कागद वाळला होता. आणि वाळलेल्या कागदाला पुन्हा हात लावायचा नाही, हा त्याच्या गुरूंचा कडक नियम. नदी वाचली. पुढे ती चित्रदालनात लागली तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं की हा संयम केवळ तपश्चर्येने येतो. तपश्चर्या नळाची होती, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

त्यानंतर या घरात काय काय घडलं! नळ फुटले, दाराशी आलेले पाहुणे तो बाहेर येईतो नेमके परतले, खिडकीत घोरपडीएवढी पाल निघाली, आणि काहीच सुचलं नाही की तिला घेरी आली. नातेवाइकांत ती 'नाजूक प्रकृतीची' म्हणून प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात तिला साधी सर्दीही होत नसे. "वहिनीला दादाचं कौतुक बघवत नाही," असं नणंद चारचौघांत म्हणायची. तीही ऐकून घ्यायची. ती माहेरी गेली की नवरा मोकाट रंगवायचा. ती सगळी चित्रं कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षा झालेल्या मुलांसारखी.

आणि मग बटण.

लेकीला सगळे बटण म्हणत, कारण ती तेवढीच होती. गोल, लहान, आणि कुठेही हरवणारी. बापाने तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवून चित्र काढायला घेतलं. ती कसली बसते! तिने टेबलाला लाथ घातली, फळी हलली, आणि गालावरचा ओला रंग ओघळून मानेपर्यंत गेला. बापाने स्पंज उचलला. पण दारातल्या आईला दिसलं, त्या एका ओघळाने चेहरा हसण्याच्या बेताला आला होता... पुढच्या क्षणी खळखळून हसेल असा! "अहो, गॅसचा वास येतोय!" ती ओरडली. बाप लेकीला काखोटीला मारून अंगणात पळाला. कागद वाळला.

"पुढच्या महिन्यात नवं काढू," तो म्हणाला होता. पुढच्या महिन्यात ताप आला, आणि स्टूल रिकामं झालं...

तेव्हापासून ते चित्र आतल्या खोलीत होतं. त्याच्याविषयी कुणी बोलत नसे. 'बटण' हा शब्दच घरातून गेला, सदऱ्याचं तुटलं तरी तो नुसता सदरा पुढे करी आणि म्हणे, "हे जरा लाव."

आता दालनवाल्यांना त्याची आयुष्यभराची चित्रं मांडायची होती, आणि हे चित्र तर हवंच होतं, आहे तसं.

"अपुरं चित्र मी देणार नाही," तो बाहेर गरजत होता. "कागद पुन्हा भिजवतो. आजच पुरं करतो!"

ती पदराला हात पुसत दारात आली. "अहो, वाळलेल्याला हात लावायचा नाही ना?"

"पाळणारा मी, मोडणाराही मीच!"

"करू दे की गं वहिनी," नणंद म्हणाली. "आता तरी त्याच्या मनासारखं होऊ दे."

सगळं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण सांगितलं तर या माणसाच्या उभ्या कीर्तीत एक नळ आणि एक पाल शिरणार होती! म्हातारपणी त्याच्या हातून ही काठी काढून घ्यायची? आणि तो बोल... 'पुरं करू दिलं नाही'... ती आत गेली, भिंतीवरचं चित्र उतरवलं, काचेमागून कागद सोडवला आणि त्याच्या हातात दिला.

"घ्या. आज घर पेटलं तरी मी तुम्हाला उठवणार नाही."

तो चमकला. मग कागद घेऊन रंगवायला गेला.

ती स्वयंपाकघरात बसली. तिला चित्र बघावं लागत नसे. ते ऐकू येई. पाण्याच्या भांड्यात मोठा ब्रश डुबकन बुडाला. कागद भिजला. मग बराच वेळ काही नाही, आणि मग बारीक ब्रशची टिकटिक सुरू झाली, आधी सावकाश, मग भराभर. 'आता! आता थांबा!' तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. हाक ओठांशी आली. तिने दात आवळले. मी का म्हणून? हात त्याचा, नाव त्याचं... होऊ दे त्याच्या मनासारखं!

"वहिनी, घेरी येतेय का?" नणंदेने विचारलं.

"मला काय धाड भरलीय!" ती म्हणाली. नणंदेला हेच घेरी येण्यासारखं वाटलं.

टिकटिक थांबली तेव्हा उन्हं उतरली होती. तिने दार ढकललं. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर फळी. कागदाची लव निघाली होती. ओघळ नव्हता. हसू नव्हतं. चिखलातून दोन नीट रेखलेले डोळे तेवढे बघत होते, आणि ते कुणाचेच नव्हते.

"हाक का नाही मारलीस?" त्याने विचारलं.

"कसली?"

"नळ फुटला... पाहुणे आले... काहीही! मी वाट बघत होतो गं. गाल भिजला, तेव्हा वाटलं आता येईल. ओघळावर ब्रश टेकवला, तेव्हाही कान दाराकडे. आली नाही... मग हात चालतच राहिला."

ती मटकन त्याच्याशेजारी बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"घरात नळ एक. तो किती वेळा फुटेल?"

"पण तुमच्या गुरूंचा नियम..."

"गुरूंचा कसला? ते वाळलेल्यावर खुशाल रंगवायचे. नियम माझा. तुझी हाक वाया जाऊ नये म्हणून केलेला."

"आणि बाहेर माझी बदनामी? तीही त्याचसाठी?"

"बायको म्हणेल तिथे थांबतो, हे कुठल्या चित्रकाराने सांगायचं?" त्याची मान खाली गेली. "चुकलो. पण या चित्राचा राग खरा होता. तिथे थांबलो... आणि पुढे रंगवायला तीच उरली नाही."

तिला रडू फुटलं. "मीही चुकले हो! हाका मारून मारून मला वाटायला लागलं होतं, चित्रं माझीच. आज गप्प बसले तो त्याग म्हणून... पण आत सूडसुद्धा होता. बोलता ना, मग घ्या, म्हणून!"

त्याने फळी दोघांच्या मध्ये सरकवली.

"हनुवटी अशी नव्हती," तो पुटपुटला.

"खळी डावीकडे होती."

"उजवीकडे."

"बटणची? मला सांगता? मी न्हाऊ घातलंय तिला!"

शब्द खोलीत पडला. दोघंही दचकली. मग त्याने तोंड झाकून घेतलं, आणि इतकी वर्षं भिंतीवर टांगून ठेवलेलं ते रडू दोघांच्या गळ्यातून एकदमच बाहेर आलं... आणि रडता रडताच दोघं भांडत राहिली, खळी कुठे होती, ती दात कसे दाखवायची, चप्पल उलटी घालायची की मुद्दाम घालायची. काचेमागचा एकच क्षण इतकी वर्षं बटणला धरून बसला होता. तो गेला आणि बाकीची सगळी बटण परत आली.

नणंद चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. "दादा, झालं का पुरं?"

"झालं. पार झालं."

त्याने रंगाने माखलेला हात बायकोच्या खांद्यावर ठेवला. नणंदेने श्वास रोखला. जे आजवर कधी बोलला नाही, ते आता बोलणार, हे तिघांनाही कळलं.

"अगं," तो म्हणाला, "डाव्या पायाला मुंग्या आल्यात. जरा उठव मला."