चला रे समदा

नेते ना वॉटर पार्कला, नाही कुठं म्हणतेय? तुमचे आईबाप लग्नाला भुसावळला, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर. पण आधी हे ऐका, मग सकाळी ठरवा. मला भित्री म्हणायचं नाही. मी आहेच भित्री. झुरळ निघालं की खाटेवर पहिली मीच असते. म्हणून तर असलं काही मनानं रचून सांगायची माझी हिंमत नाही.

शहाण्णव सालचा वैशाख. अमावस्या, शुक्रवार. इथंच, आपल्या पर्वत पाटियात, मागच्या गल्लीत कलाबाई राहायची. आम्ही दोघी साड्यांना टिकल्या लावायचो. तिच्या भावाचा सासरा धुळ्याला दवाखान्यात होता, म्हणून भाऊ-भावजय पोरं तिच्याकडे ठेवून गेले. अक्षय दहाचा, मयुरी सहाची. निघताना भावजय एवढंच म्हणाली, "ताई, जशी देतेय तशीच परत द्या."

पोरं आईसाठी रडायची. तेव्हा चलथाणच्या पुढं हायवेला पाण्याचा पार्क नवाच निघाला होता. गल्लीतल्या मगनची रिक्षा सांगून कलाबाई पोरांना तिथं घेऊन गेली. दिवसभर मजा. तिचं तोंड उन्हानं वांग्यासारखं झालं होतं, मीच नंतर चिडवलं. मागच्या बाजूला एक हौद होता. कोरडा, दोरी बांधलेला. का, ते कोणी सांगेना. मयुरी सारखी त्याच्याच काठावर जाऊन बसायची. एकटीच बोलायची.

अंधार पडायला लागला, शिट्टी झाली. कलाबाई दमलेली. तिनं तिथूनच हाक मारली, "चला रे समदा घर. मांगे कोनी ऱ्हावू नका."

दोघं पळत आली.

रिक्षात अक्षय डाव्या खांद्यावर झोपला, मयुरी मांडीवर. मगन गाणं म्हणत चालवत होता. चलथाण मागं पडलं, आणि त्याचं गाणं थांबलं. त्यानं आरसा थोडा वळवला. मग हळूच म्हणाला, "बेन, त्रीजीने अंदर लो. पग बहार लटके छे."

तिसरीला आत घ्या म्हणे, पाय बाहेर लोंबतायत.

कलाबाईनं उजवीकडं पाहिलं नाही. नुसता तिचा पदर... त्या बाजूनं कोणीतरी धरला होता. घट्ट. लहान मूल झोपेत धरतं तसा.

तेव्हा तिला सासूचं बोलणं आठवलं. धुरपदाबाई सांगायची, दिवेलागणीला परक्या जागेवरून लेकरू उठवावं तर नाव घेऊन. समद्यांना बोलावलं, की समदे येतात.

गल्ली आली. मगन समोरच बघत बसला. कलाबाईनं पोरं जागी केली, तिथंच बसा म्हणाली, पदर सोडवून घेतला. कसा, ते मला कधी सांगितलं नाही. घरात गेली. उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"अक्षय, घरमा ये."

"ओ." आला.

"मयुरी, घरमा ये."

"ओ."

आणि तिच्या मागून... तसंच...

"ओ."

एक आली. कलाबाईनं दार लावलं.

बाहेर मगननं रिक्षा चालू केली नाही. खूप वेळ. मग केली.

रात्रभर कलाबाई दिव्याखाली मयुरीला बघत बसली. हनुवटीवरची खूण, दंडावरचा लसीचा वण. पोर आपलीच होती. रविवारी आईबाप आले, तिनं पोरं दिली होती तशीच परत दिली. मला सोडून कोणाला बोलली नाही.

मयुरी आता चौथीत आहे. हुशार आहे, हसते, खेळते. फक्त हाक मारली की ओ देत नाही. दुसरी मारावी लागते. बाईंनी हजेरीत कितीदा गैरहजर लावली. आईनं कान दाखवले, डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत.

मागच्या महिन्यात मीच विचारलं तिला. दिवसा विचारलं, रात्री विचारायला मी काय वेडी आहे? म्हटलं, पोरी, पहिल्या हाकेला गप्प का राहतेस गं?

ती म्हणाली, "आधी तिला ओ देऊ देते."